कुलूपबंद कपाटातील बाबासाहेब

आमच्या वस्तीत एक निवृत्त गिरणी कामगार राहत होते. शिक्षण सातवीपर्यंत. पण पगार झाला की आधी रेशन आणि मग पुस्तक, हा त्यांचा आयुष्यभराचा शिरस्ता. दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादन करायचे आणि शिवाजी पार्कच्या स्टॉलवरून पिशवीभर पुस्तके घेऊनच घरी परतायचे. दहा बाय बाराच्या खोलीत माणसांना झोपायला जागा नव्हती; पण माळ्यावर पुस्तकांना जागा होती. ते गेले तेव्हा पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात त्यांच्या पत्नीने सगळी पुस्तके विहाराला दान दिली. टाळ्या झाल्या, शाल दिली गेली, फोटो निघाला. भाषणे झाली. त्यात एक भाषण माझेही होते.

विहार समितीने एका लाकडी कपाटात ती पुस्तके ओळीने लावली आणि कपाटाला कुलूप घातले. किल्ली सरचिटणीसांकडे. पुढे सरचिटणीस नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरात राहायला गेले आणि किल्लीही त्यांच्याबरोबर गेली. कोणाला आठवणही झाली नाही. चार वर्षांनी वस्तीतील एक मुलगी आली. आई धुणीभांडी करणारी, मुलगी एम.ए. करणारी. तिला चां. भ. खैरमोडे यांनी लिहिलेल्या बाबासाहेबांच्या चरित्राचे खंड हवे होते. आम्ही कुलूप तोडले. समोरून पाहिले तर पुस्तकांच्या पाठी जशाच्या तशा उभ्या. हात लावला तर माती. भिंतीच्या बाजूने वाळवी आत शिरली होती आणि तिने पाने केव्हाच संपवली होती.

ती मुलगी रागावली नाही. तिने एवढेच विचारले, "काका, हे कोणासाठी ठेवलं होतं?"

मी समितीचा सदस्य होतो. माझ्याकडे उत्तर नव्हते. ते उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न आहे. कारण असे कपाट एकट्या आमच्याच विहारात असेल असे मला वाटत नाही.

ज्या समाजाला हजारो वर्षे अक्षरापासून दूर ठेवले, त्याच्या वस्तीत पुस्तकाला कुलूप असावे, याहून मोठी विटंबना कोणती? शूद्रातिशूद्रांनी आणि स्त्रियांनी वाचू नये, ऐकूही नये, असा दंडक घालणाऱ्यांनी ज्ञानाला कुलूप लावले होते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले तेव्हा त्या कुलपावरच घाव घातला गेला. ते कुलूप आपल्या शत्रूंनी लावले होते. विहारातल्या कपाटाला कुलूप लावणारे आपणच आहोत. हेतू चांगला असतो, हे मान्य. पुस्तके चोरीला जाऊ नयेत, फाटू नयेत, एवढीच इच्छा असते. पण वाळवी हेतू विचारत नाही.

दान दिलेल्या एका पुस्तकाने काय होऊ शकते, हे आपल्याइतके कोणत्या समाजाला ठाऊक असणार? कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे मुंबईचे शिक्षक. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा एक मुलगा त्यांच्या नजरेत भरला. पुढे त्या मुलाच्या सत्कारसभेत केळुसकर गुरुजींनी त्याला स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भेट दिले. तो मुलगा म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. त्या पुस्तकाने आपल्या मनावर काय परिणाम केला, हे बाबासाहेबांनी आपल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रास्ताविकात नोंदवून ठेवले आहे. त्या भेटीपासून १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरपर्यंतचा रस्ता सरळ नव्हता. पण त्या रस्त्याच्या सुरुवातीला एक दान दिलेले पुस्तक आहे, ही गोष्ट कोणालाही नाकारता येणार नाही. केळुसकर गुरुजींनी ते पुस्तक जपून कपाटात ठेवले असते तर?

याच केळुसकरांमुळे भीमराव सयाजीराव गायकवाडांपर्यंत पोहोचले आणि १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले. न्यूयॉर्कमध्ये पोटाला चिमटा काढून त्यांनी जुन्या बाजारातून पुस्तके घेतली. पण १९१७ मध्ये ते मायदेशी परतले तेव्हा त्यांचे सामान ज्या दुसऱ्या बोटीने येत होते, ती बोट जर्मन पाणबुडीने बुडवली आणि त्यात त्यांची पुस्तकेही समुद्रात गेली. महायुद्धाचा तो तडाखा होता, त्यावर माणसाचा इलाज नव्हता. बाबासाहेबांनी पुन्हा पुस्तके जमवली. पुस्तकांना जागा हवी म्हणून दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह उभे केले. आपल्या विहारातली पुस्तके जातात ती कोणत्या पाणबुडीमुळे?

इथे कोणी म्हणेल, बाबासाहेब स्वतः आपली पुस्तके कोणाला सहजासहजी हात लावू देत नसत. खरे आहे. ती त्यांची हत्यारे होती आणि लढाई चालू होती. पण राजगृहाच्या संग्रहातील पुस्तके पुढे कुठे गेली? १९४६ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. त्याच्या ग्रंथालयात बाबासाहेबांची पुस्तके गेली. ज्यांना दिवसा नोकरी करून शिकायचे आहे अशा गरीब मुलांसाठी ते महाविद्यालय होते. स्वतःच्या संग्रहाचे विद्यार्थ्यांचे ग्रंथालय व्हावे, ही त्या पुस्तकप्रेमाची खरी परिणती आहे.

आणखी मागे जाऊ. १९२४ मध्ये बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. चळवळीची ती पहिली संघटना. तिच्या उद्दिष्टांत वसतिगृहे काढण्याच्या बरोबरीने एक उद्दिष्ट स्पष्ट लिहिलेले आहे: बहिष्कृत वर्गात संस्कृतीचा प्रसार करण्यासाठी वाचनालये, सामाजिक केंद्रे आणि अभ्यासवर्ग चालवणे. ते कागदावर राहिले नाही. सभेने सोलापूरला वसतिगृह काढले आणि मुंबईत मोफत वाचनालय चालवले. सोबत तरुणांसाठी हॉकी क्लबही होता. जुगार आणि दारूच्या अड्ड्याकडे जाणारी पावले वाचनालयाकडे आणि मैदानाकडे वळावीत, हा हिशेब होता. ही गोष्ट महाडच्या सत्याग्रहापूर्वीची आहे. आज आपण जयंतीला कमानी उभारतो, डीजे लावतो, पण वस्तीतल्या मोफत वाचनालयाला चळवळीचे काम मानत नाही. बाबासाहेबांनी मात्र ते पहिल्याच संघटनेच्या उद्दिष्टांत घातले होते.

'मोफत' या शब्दावर जोर द्यावा लागेल. मोफत वाचनालयाचा अर्थ बाबासाहेबांना शिष्यवृत्ती देणाऱ्या सयाजीरावांनी ओळखला होता. १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन हा अमेरिकन ग्रंथपाल बडोद्याला आणला आणि संस्थानभर मोफत ग्रंथालयांचे जाळे विणायला सुरुवात केली. ज्या गावात ग्रंथालय नाही तिथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या जात. एका गावाचे वाचून झाले की पेटी पुढच्या गावाला. पेटी तीच, लाकूड तेच. एक पेटी फिरते आणि शेकडो माणसे वाचतात. दुसरी एका जागी बंद राहते आणि तिला वाळवी वाचते.

आपल्याकडे नेहमी ऐकू येणारी तक्रार अशी: "दिलं की परत येत नाही." ही तक्रार खोटी नाही. पण हिशेब नीट करू. बाहेर गेलेले पुस्तक परत आले नाही, तर ते कोणाच्या तरी घरात असते. कदाचित उशाशी असेल, कदाचित त्याच्या पोराने उघडून पाहिले असेल. कपाटात सडलेले पुस्तक मात्र कोणाच्याच घरात नसते. पहिल्या नुकसानीची आपण आरडाओरड करतो आणि दुसऱ्या नुकसानीला 'जतन' असे नाव देतो!

या प्रश्नाचे उत्तर आपल्याच धम्मपरंपरेत, आपल्याच महाराष्ट्राच्या दगडात कोरलेले आहे. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील दहा क्रमांकाच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचे सुमारे १९०० वर्षांपूर्वीचे लेख आहेत. त्याने लेणे दान दिले ते 'चातुद्दिस' म्हणजे चारी दिशांच्या भिक्खुसंघाला. आज लेण्यात हजर आहेत त्यांना, आणि उद्या कुठल्याही दिशेने येतील त्यांनाही. सोबत ३००० कार्षापणांची 'अक्षयनीवी' दिली. ती रक्कम गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. मुद्दल कधीही परत घ्यायचे नाही, त्याला हात लावायचा नाही. दरमहा येणाऱ्या व्याजातून भिक्खूंची चीवरे आणि इतर खर्च भागवायचा. आणि हा व्यवहार तोंडी ठेवला नाही. कोणाकडे किती रक्कम, व्याज किती, ते सगळ्यांना दिसेल असे कोरून ठेवले.

दान दिलेले पुस्तक ही अशीच अक्षयनीवी आहे. पुस्तक हे मुद्दल, वाचन हे व्याज. मुद्दल खाऊन टाकणारा जसा दोषी, तसाच व्याज बंद पाडणाराही दोषी. संरक्षण आणि वाटप या दोन विरुद्ध गोष्टी नाहीत. उषवदाताने रक्कम जमिनीत पुरून जपली नाही. कामावर लावून जपली. आणि ते दान कोण्या एका भिक्खूचे किंवा अध्यक्षाचे नव्हते. चारी दिशांचे होते. म्हणून विहारातील वाचनालयही चारी दिशांचे हवे. शेजारच्या मातंग वस्तीतील मूल, मुस्लिम मोहल्ल्यातील मुलगी, भाजी विकणारी ओबीसी मावशी, यांना त्या दारात कोणी जात किंवा धर्म विचारता कामा नये. आपल्याला ज्या दारांवर हा प्रश्न विचारला गेला, तो आपल्या दारावर विचारायचा नाही.

मग संरक्षण करायचे कसे? कुलपाने नाही, नोंदीने आणि माणसाने. आमच्या वस्तीत त्या वाळवीनंतर आम्ही जे शिकलो ते सांगतो.

पहिली गोष्ट दाखल नोंदवही. पुस्तक आले त्याच दिवशी त्याला क्रमांक द्यायचा. नाव, लेखक, कोणी दिले, कधी दिले, एवढे लिहायचे. दात्याचे नाव पुस्तकाच्या आतही लिहायचे. माणूस जातो, पण त्याच्या पुस्तकावर त्याचे नाव वाचणारा पुढचा वाचक त्याला जिवंत ठेवतो. दुसरी गोष्ट शिक्का. मुखपृष्ठाच्या आत एक आणि मधल्या एका ठरलेल्या पानावर एक. शिक्क्यात वाचनालयाचे नाव आणि 'दान – विक्रीसाठी नाही' एवढे शब्द. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील हडसन गावात २००९ मध्ये टॉड बोल यांनी शिक्षिका असलेल्या आपल्या आईच्या स्मरणार्थ घराबाहेर छोट्या शाळेच्या आकाराची पुस्तकपेटी लावली. हवे ते पुस्तक न्या, जमेल ते ठेवा, ही कल्पना पुढे जगभर पसरली. अशा उघड्या पेट्यांतील पुस्तके उचलून विकणारेही निघाले. त्यावर अनेकांनी पेटी बंद केली नाही. पुस्तकावर 'विक्रीसाठी नाही' असा शिक्का मारला. आपल्याला याची अधिक गरज आहे, कारण बाबासाहेबांच्या समग्र वाङ्मयाचे खंड दुर्मिळ होतात. शासनाने १९७९ पासून हे खंड प्रकाशित केले, पण छपाई रखडली म्हणून २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. जे पुस्तक दुकानात मिळत नाही, ते रद्दीच्या दुकानातून चढ्या भावाने विकले जाऊ नये, एवढी काळजी घ्यायलाच हवी.

तिसरी गोष्ट देवघेवीची वही. नाव, फोन नंबर, तारीख. अनामत नाही, वर्गणी नाही. ज्या बाईला शंभर रुपये अनामत भरता येत नाही, तिच्यासाठीच तर हे वाचनालय आहे. उशीर झाला तर दंड नाही; दंडाच्या भीतीने माणूस पुस्तकही परत आणत नाही आणि स्वतःही परत येत नाही. महिन्यातून एकदा दोन मुले घरोघर जाऊन विचारतात, "वाचून झालं का? दुसरं हवं का?" हरवलेल्या पुस्तकांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिली. ज्या बायकांना विहारात यायला सवड नाही, त्यांच्याकडे हीच मुले पुस्तक पोहोचवतात.

चौथी गोष्ट हवा. कपाट भिंतीला चिकटवायचे नाही, वीतभर पुढे ठेवायचे. खाली विटा किंवा लाकडी ठोकळे द्यायचे. पुस्तके दाटीवाटीने कोंबायची नाहीत. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर सगळी पुस्तके बाहेर काढून झटकायची, सावलीत वारा द्यायचा. कसर आणि झुरळांसाठी डांबराच्या गोळ्या, कडुनिंबाचा वाळलेला पाला. बांधणी करताना खळीत थोडे मोरचूद टाकले की कीड लागत नाही. जुन्या बाइंडरांची ही युक्ती. मोरचूद विषारी असते, म्हणून ते काम मोठ्यांनीच करायचे आणि हात धुवायचे. पण या सगळ्यांहून मोठे औषध एकच. जे पुस्तक पंधरा दिवसांनी कोणीतरी उघडते, त्यात वाळवी घर करू शकत नाही.

पाचवी गोष्ट किल्ली. कपाट असेल तर किल्ल्या तीन हव्यात आणि त्यातली एक महिला मंडळाकडे, एक विद्यार्थ्यांकडे. संध्याकाळी ठरलेल्या वेळी दार उघडलेच पाहिजे. अध्यक्ष गावाला गेले म्हणून वाचनालय बंद, हे चालणार नाही.

एक अपवाद मात्र सांगितला पाहिजे. 'जनता', 'प्रबुद्ध भारत' यांचे जुने अंक, परिषदांची पत्रके, जलशांच्या गाण्यांच्या चोपड्या, वसतिगृहांचे अहवाल. असे कागद दानात आले तर ते घरी न्यायला देऊ नयेत. त्यांची छायाप्रत किंवा स्कॅन काढावी, प्रत वाचकाला द्यावी आणि मूळ कागद जाणकार ग्रंथालयाच्या सल्ल्याने जपावा. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांची अप्रकाशित हस्तलिखिते वर्षानुवर्षे सरकारी ताब्यात पेट्यांमध्ये पडून होती. वसंत मून यांच्यासारख्या माणसांनी त्यांच्यामागे आयुष्य घातले म्हणून ती खंडांच्या रूपाने आपल्या हाती आली. कागद जपणे आणि तो लोकांपर्यंत नेणे, ही दोन्ही कामे एकाच माणसाने केली, हे लक्षात घ्या.

काही तरुण म्हणतील, आता सगळे मोबाईलवर आहे. बाबासाहेबांचे खंड मोफत उतरवून घेता येतात, हे खरे आणि चांगलेच आहे. पण पाच जणांच्या घरात एक मोबाईल, तोही वडील कामावर घेऊन गेलेले, अशा घरातल्या मुलीने काय करावे? आणि वाचनालय म्हणजे पुस्तकांचा साठा एवढेच नसते. पत्र्याच्या खोलीत टीव्ही, भांडण आणि पाणी भरण्याच्या गडबडीत जिला कोपरा मिळत नाही, तिला वाचायला बसण्याची जागा हवी असते. आज अनेक विहारांत स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका निघाल्या आहेत, त्या जरूर चालाव्यात. मात्र नोकरीसाठी वाचणाऱ्या त्या मुलाच्या हाताला लागेल अशा फळीवर फुले, शाहू, आंबेडकर, अण्णा भाऊ, बाबूराव बागूलही असायला हवेत. नाहीतर साहेब होईल, पण समाजाचा राहणार नाही.

सरकारची जबाबदारीही संपत नाही. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे; मान्यताप्राप्त ग्रंथालयांना अ, ब, क, ड वर्गांनुसार अनुदान मिळते. कोलकात्याचे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून ग्रंथालयांना साहाय्य करते. २०१७ मध्ये साताऱ्याच्या भिलार गावात शासनाने 'पुस्तकांचं गाव' उभे केले. तिथे गावकऱ्यांच्या घरांत पुस्तके ठेवली आणि कोणीही जाऊन वाचावे अशी सोय केली. डोंगरातल्या गावात जे होऊ शकते ते शहरातल्या झोपडपट्टीत का होऊ नये? नोंदणीकृत विहार समित्यांनी आपल्या वाचनालयासाठी हक्काने अर्ज करावेत. पण अनुदान येईपर्यंत कपाट बंद ठेवण्याचे कारण नाही. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेने सरकारची वाट पाहिली नव्हती.

दरवर्षी चैत्यभूमीवर आणि दीक्षाभूमीवर लाखो रुपयांची पुस्तके विकत घेणारा हा समाज आहे. अभिवादनाला हार-फुलांऐवजी वही-पेन आणण्याचे अभियान याच समाजाने चालवले. पुस्तके विकत घेण्यात आपण मागे नाही. ती दुसऱ्याच्या हाती देण्यात मागे आहोत. घरोघरी माळ्यावर, पलंगाखाली, ट्रंकेत पडलेली ही पुस्तके एकत्र आली तर प्रत्येक वस्तीत एक मोफत वाचनालय उभे राहू शकते. वडील गेल्यावर त्यांची पुस्तके रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा विहाराकडे वळा. आणि विहार समितीने ती स्वीकारताना शाल-श्रीफळाच्या आधी दाखल नोंदवही उघडावी.

त्या गिरणी कामगाराच्या संग्रहातील थोडी पुस्तके वरच्या फळीवर वाचली होती. ती झटकून, बांधून, शिक्के मारून आम्ही पुन्हा वाटायला काढली. पहिल्या पानावर त्यांचे नाव आहे. एम.ए. करणाऱ्या त्या मुलीने खैरमोड्यांचे खंड दुसरीकडून मिळवले, अभ्यास पूर्ण केला, आणि काम झाल्यावर ते आपल्या वाचनालयाला दिले. दाखल नोंदवहीत दात्याच्या रकान्यात तिने स्वतःचे नाव लिहिले नाही. त्या कामगाराच्या पत्नीचे लिहिले.

तिचा प्रश्न मात्र अजून प्रत्येक विहाराच्या दारात उभा आहे. हे कोणासाठी ठेवले होते? किल्ली ज्यांच्या खिशात आहे, त्यांनी उत्तर द्यावे.

जयभीम!